साठा सगळ्यांचा, लिहिण्याचा हक्क कोणाचा?



पतसंस्था असो, कर सल्लागाराचे कार्यालय असो की कांद्याची अडत, आज सगळीकडे एक ‘शेअर्ड फोल्डर’ असतो. चार-सहा संगणक वायरीने जोडलेले आणि हिशेबाच्या फायली त्यांतल्या एकावर. कोणी एक्सेलची फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी, लपलेली फाइल तयार होते आणि तिच्यात उघडणाऱ्याचे नाव पडते. दुसरा तीच फाइल उघडू लागला की त्याला निरोप मिळतो : फाइल अमुक यांच्याकडे उघडी आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. व्यवस्था साधी आहे आणि बहुतेक दिवस ती चालते. पण वीज गेली, पहिला संगणक मध्येच बंद पडला, तर ती लपलेली फाइल कधीकधी तशीच मागे राहते आणि घरी गेलेल्या माणसाच्या नावावर सगळा हिशेब अडून बसतो. मग कार्यालयातला कोणी जाणकार ती लपलेली फाइल शोधून पुसून टाकतो. तो संगणक खरोखर बंद होता की फक्त वायर सैल होती आणि पलीकडे अजून टंकलेखन चालू होते, हे त्याने पाहिलेले नसते. एकाच साठ्यावर अनेकांनी एकाच वेळी काम करायचे, तर त्यांचा मेळ कसा घालायचा, हा आजचा विषय. त्यातली खरी अडचण हक्क देण्यापेक्षा दिलेला हक्क संपला हे ओळखण्यात आहे. यावर मला एकच मत मांडायचे आहे. लिहिण्याचा हक्क ज्याला दिला त्याच्या प्रामाणिकपणावर किंवा सावधपणावर साठ्याची सुरक्षितता कधीही टांगून ठेवू नये. लिखाण जिथे उतरते त्या जागेनेच, ते उतरण्याच्या क्षणी, हक्क तपासला पाहिजे.

आधी नुकसान कसे होते ते पाहू. खात्यात दहा हजार रुपये आहेत. एका खिडकीवर दोन हजार भरले जातात, दुसऱ्या खिडकीवर तीन हजार काढले जातात. दोन्ही संगणक आधी शिल्लक वाचतात आणि दोघांनाही दहा हजार दिसतात. पहिला बारा हजार लिहितो, दुसरा सात हजार लिहितो. जो शेवटी लिहील त्याचा आकडा राहतो, नऊ हजार कुठेच उमटत नाहीत, आणि दोघांच्याही पडद्यावर ‘व्यवहार यशस्वी’ असे झळकते. यात कोणतेही यंत्र बिघडलेले नाही. डिस्कला खाते, शिल्लक, भरणा यांतले काही कळत नाही. ठरावीक आकाराचे ठोकळे लिहायचे आणि मागितले की परत द्यायचे, एवढेच तिचे काम. एका संगणकाच्या आत हा प्रश्न एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ सालीच नीट मांडला आणि सोडवलाही. एका वेळी एकानेच आत जावे, बाकीच्यांनी थांबावे, आणि हे अनेकांना लागू पडावे, अशी युक्ती त्यांनी दाखवली. पण त्या उत्तराला एक मोठी सवलत होती. एका संगणकात सगळे एकत्र जगतात आणि एकत्र मरतात. यंत्र बंद पडले तर कुलूप घेणाराही गेला, वाट पाहणारेही गेले आणि कुलूपही गेले. नेटवर्कवर ही सवलत उरत नाही. एक यंत्र मरते, बाकीची जिवंत असतात, आणि जिवंत यंत्रांना मेलेले यंत्र आणि मंद झालेले यंत्र यांतला फरक बाहेरून ओळखता येत नाही. दोघांकडूनही सारखेच मौन येते. १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी गणिताने सिद्ध केले की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच हमी नसेल आणि एक जरी यंत्र गप्प होण्याची शक्यता असेल, तर सगळ्यांचे निश्चित एकमत घडवणारी कोणतीही खात्रीची पद्धत असू शकत नाही. पुढच्या चाळीस वर्षांची सगळी अभियांत्रिकी या निकालाशी केलेली तडजोड आहे.

तडजोडीचा पहिला प्रकार म्हणजे कुलपांचा वेगळा कारभारी नेमणे. डिजिटल इक्विपमेंट कंपनीने १९८० च्या दशकात व्हॅक्स संगणकांचे समूह बाजारात आणले. त्यांत अनेक संगणक त्याच डिस्का वापरत, आणि कोणी काय धरले आहे याची नोंद सगळे मिळून ठेवत. तिथे कुलपाचे सहा प्रकार होते : नुसते नाव नोंदवून ठेवणारे, इतरांना लिहू देऊन आपण वाचणारे, वाचताना इतरांचे लिखाण अडवणारे, आणि असेच चढत्या क्रमाने सगळ्यांना बाहेर ठेवणाऱ्या कुलपापर्यंत. मला ही रचना आजही देखणी वाटते. कारण ‘बंद’ आणि ‘उघडे’ यांच्या मधली मोठी जागा तिने वापरात आणली. त्याच काळात सन कंपनीने नेटवर्कवरून फायली वाटण्याची एनएफएस ही पद्धत आणली. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हरने कोणाचे काहीच लक्षात ठेवायचे नाही असे तत्त्व होते, म्हणून तो पडून उठला तरी काम बिनबोभाट पुढे चाले. पण कुलूप ही लक्षात ठेवण्याचीच गोष्ट. म्हणून त्यासाठी निराळी यंत्रणा बाजूला जोडावी लागली. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की तो काही काळ नवे कुलूप कोणालाच देत नसे, आणि जुन्या धारकांनी आपापली कुलपे परत सांगायची, असा शिरस्ता ठरला. जो धारकच मेला, त्याने घेतलेल्या कुलपाचे काय, हा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला.

त्यावरचे उत्तर १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी नेमकेपणाने मांडले. कुलूप कायमचे द्यायचे नाही, मुदतीच्या पट्ट्याने द्यायचे. तीस सेकंदांसाठी हक्क तुझा. हवा असेल तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण कर, न केलेस तर तो आपोआप सुटला. धारक मेला तरी जास्तीत जास्त तीस सेकंद थांबायचे, कोणाला विचारायला नको, काही पुसायला नको. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने हीच पद्धत मूळ रचनेत आणली. आज जगभरातल्या वितरित प्रणाल्यांत मुदतीचे कुलूप इतके रुळले आहे की पुष्कळ अभियंत्यांना प्रश्न इथेच संपला असे वाटते. तो संपत नाही. का, ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

‘क’ या संगणकाने तीस सेकंदांचा पट्टा घेतला. त्याने फाइल वाचली, बदल तयार केला, मुदत शिल्लक आहे हे घड्याळात पाहिले, आणि लिहिण्याची आज्ञा देणार एवढ्यात तो थबकला. थबकण्याची कारणे रोजची आहेत. प्रोग्रामची भाषा स्वतःची स्मृती साफ करायला बसते आणि तेवढा वेळ बाकी सगळे थांबते. आभासी यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवले जाते. किंवा आज्ञा निघते, पण वाटेतल्या एखाद्या स्विचमध्ये अडकून पडते. चाळीस सेकंद गेली. पट्टा संपला, कुलपाच्या कारभाऱ्याने तो ‘ख’ ला दिला, ‘ख’ ने आपले लिखाण केले. मग ‘क’ जागा झाला. त्याच्या लेखी मध्ये एक क्षणही गेलेला नाही, घड्याळ तर त्याने आताच पाहिले होते. तो लिहितो आणि ‘ख’ चे लिखाण पुसले जाते. इथे कारभारी नियमाने वागला, ‘क’ प्रामाणिक आहे, ‘ख’ निर्दोष आहे, आणि साठा बिघडला. ‘क’ ने आणखी एकदा घड्याळ पाहावे असे म्हणून चालत नाही, कारण पाहणे आणि लिहिणे यांच्या मध्ये फट राहणारच, आणि थबकणे नेमके त्या फटीत येऊ शकते. सावधपणा कितीही वाढवला तरी फट अरुंद होते, बुजत नाही. ती बुजवणारा एकच आहे, तो म्हणजे साठा स्वतः. कारभाऱ्याने प्रत्येक पट्ट्याबरोबर चढता क्रमांक द्यावा, ‘क’ ला ३३, ‘ख’ ला ३४. वाचताना आणि लिहिताना प्रत्येकाने आपला क्रमांक दाखवावा. साठ्याने आजवर पाहिलेला सर्वांत मोठा क्रमांक लक्षात ठेवावा. ३४ पाहिल्यावर ३३ आला की त्याला दारातूनच परत पाठवावे. गूगलने २००६ मध्ये आपल्या ‘चबी’ या कुलूप-सेवेची माहिती प्रसिद्ध केली, तिच्यात असा क्रमांक होता. २०१६ मध्ये मार्टिन क्लेपमन यांनी हीच गोष्ट इतक्या स्पष्टपणे मांडली की नंतर ती नाकारणे अवघड झाले.

याहून जुना आणि आपल्या विषयाला अगदी नेमका लागणारा पुरावा मिनेसोटा विद्यापीठात सापडतो. १९९० च्या दशकाच्या मध्याला तिथे ग्लोबल फाइल सिस्टिम नावाचे काम सुरू झाले. अनेक संगणक वेगवान जाळ्यातून थेट डिस्कांना जोडायचे, मध्ये फाइल सर्व्हर ठेवायचाच नाही, अशी ती कल्पना. मग मेळ कोणी घालायचा? त्यांनी तो डिस्कवरच सोपवला. डिस्कला एक नवी आज्ञा शिकवली, जिने डिस्क स्वतः कुलूप देई आणि सोडी. शिवाय प्रत्येक कुलपासोबत एक मोजणी ठेवली, म्हणजे परत आलेल्या संगणकाला मधल्या काळात कोणी काही बदलले का हे नुसत्या आकड्यावरून कळे. कल्पना सरळ होती, पण डिस्क बनवणाऱ्यांनी ती आज्ञा सर्वत्र उचलली नाही, आणि पुढे या प्रणालीला बाहेरच्या कुलूप-सर्व्हरकडे वळावे लागले. पहारा डिस्कवरून उठला की काय लागते, तेही तिच्याच इतिहासात दिसते. समूहातला एक संगणक गप्प झाला की बाकीचे यंत्राने चालणाऱ्या बटणातून त्याची वीजच तोडत. उपाय रानटी वाटतो, पण तर्क बरोबर आहे : तो मेला की नाही हे कळत नसेल तर त्याला मारून खात्री करा. दुसरी वाट स्कझी या डिस्क-मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीने दिली. प्रत्येक संगणक डिस्ककडे आपली किल्ली नोंदवतो. उरलेल्यांना संशय आला तर ते संशयिताची किल्ली डिस्कच्या यादीतून काढून टाकतात, आणि त्यानंतर तो जागा होऊन लिहायला आला तरी डिस्क त्याला नकार देते. पुण्यात मोठे अभियांत्रिकी केंद्र असलेल्या व्हेरिटास कंपनीच्या समूह-प्रणालीने हे तंत्र वापरले. तिच्यात समन्वयासाठी तीन डिस्का वेगळ्या ठेवतात, सम संख्या कधीच नाही. जाळे दुभंगले की दोन्ही गट त्या तिघींकडे धावतात. ज्याला दोन मिळतात तो राहतो, दुसरा स्वतःला बंद करून घेतो.

आपल्या नाशिकच्या भागात या विचाराला एक जुना शेजारी आहे. बागलाण-मालेगावकडून धुळ्यापर्यंत मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याचे पाणी पाटाने फडात येते, फडात एक पीक, आणि पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या वाफ्याचे तोंड स्वतः फोडायचे नाही. पाळी कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असले तरी दारावर हात एकाचाच. लिहिणाऱ्याला दारापासून दूर ठेवणे, हा मुद्दा इथे पुरेपूर आहे. पण साम्य ताणू नये. पाटकरी बांधावर उभा राहून कोणाचे दार उघडे आहे ते डोळ्यांनी पाहतो. चोरून घेतलेले पाणी ओल्या मातीत दिसते, आणि भांडण त्याच दिवशी होते. साठ्यावरचे चुकीचे लिखाण मात्र बरोबर लिखाणासारखेच दिसते, आणि ते महिन्यांनी, ताळेबंद जुळेनासा झाल्यावर, उघडकीस येते. तोवर त्या चुकीच्या आकड्यावर शंभर बरोबर व्यवहार चढलेले असतात.

म्हणून अधिक उपयोगी दाखला जमिनीच्या दप्तराचा आहे. महाराष्ट्रातला सर्वांत मोठा सामायिक साठा कोणता असे विचारले तर मी सातबारा म्हणेन. त्यावर खरेदीदार, वारस, बँका, सोसायट्या, न्यायालये, भूसंपादन अधिकारी, सगळ्यांना काही ना काही लिहून हवे असते. आणि १९६६ च्या जमीन महसूल संहितेने कोणालाही सातबारावर थेट लिहू दिलेले नाही. आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरायची. हितसंबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे. हरकत आलीच तर प्रकरण सहा-अ मध्ये विवादग्रस्त म्हणून जाते. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच बदल सातबारावर उतरतो. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रचना ओळखीची वाटेल. आधी क्रमाने वाढणारी नोंदवही, मग तिच्यावरून मूळ अभिलेखात बदल, असाच प्रत्येक चांगला डेटाबेस चालतो. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, लिहितात आणि प्रमाणित दुसरा करतो. लिहिणारा आणि स्वीकारणारा इथे वेगळे आहेत. ई-फेरफार प्रणालीने कागद बदलला, ही विभागणी बदलली नाही, आणि माझ्या मते तिची खरी ताकद संगणकापेक्षा या जुन्या विभागणीत आहे.

पण त्याच जमिनीचा दुसरा दरवाजा पाहा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदवले जाते. आपला नोंदणी कायदा दस्ताची नोंदणी करतो, मालकीची हमी देत नाही. त्यामुळे एकाच गटाची दोन खरेदीखते, दोन वेगळ्या खरेदीदारांच्या नावे, नोंदली जाण्याचे प्रकार घडतात. मग आधी कोण? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४८ वे कलम म्हणते, ज्याचा हक्क आधी निर्माण झाला तो. आणि १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ४७ वे कलम म्हणते, नोंदलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तो केला त्या वेळेपासून अमलात येतो. दस्त केल्यापासून नोंदणीला आणायला सर्वसाधारणपणे चार महिने मिळतात. म्हणजे जानेवारीत सही झालेले आणि एप्रिलमध्ये नोंदवलेले खत हे फेब्रुवारीत सही होऊन फेब्रुवारीतच नोंदलेल्या खताला मागे टाकू शकते. मघाच्या उदाहरणात थबकून उशिरा आलेल्या ‘क’ चे लिखाण साठ्याने नाकारले. कायदा मात्र त्याच ‘क’ ला आत घेतो आणि मानाची जागा देतो. कायद्याची बाजूही समजण्यासारखी आहे. खेड्यातून तालुक्याला यायला दिवस लागत, माणूस आजारी पडे, म्हणून प्रामाणिकपणे आधी व्यवहार करणाऱ्याला केवळ उशीर झाला म्हणून हरवू नये, हा त्यामागचा न्याय. त्याची किंमत मात्र फेब्रुवारीतला खरेदीदार मोजतो. पैसे देऊन, खत नोंदवूनही त्याला पूर्ण खात्री मिळत नाही. चार महिन्यांची अनिश्चितता समाज सोसू शकतो, न्यायालये त्यासाठीच असतात. सेकंदाला हजारो लिखाणे घेणाऱ्या साठ्याला चार सेकंदांचीही सोसत नाही.

मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मुंबई इलाख्याने केलेली एक दुरुस्ती मला फार शहाणपणाची वाटते. दावा चालू असलेल्या मिळकतीचे हस्तांतरण दाव्याच्या निकालाला बांधील राहते, असे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५२ वे कलम सांगते. मूळ कलमानुसार खरेदीदाराला दाव्याची गंधवार्ता नसली तरी तो बांधला जातो. कुलूप न्यायालयाच्या कपाटात, आणि लिहिणारा निबंधकाच्या दारात. १९३९ च्या मुंबई दुरुस्तीने, ती जिथे लागू आहे तिथे, दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवणे आवश्यक केले. नोंदवली नसेल तर कलमाचा आधार नाही. खरेदीदार जिथे शोध घेणारच आहे तिथे कुलूप आणून लावले. मिनेसोटाच्या अभियंत्यांनी डिस्ककडून मागितले ते या दुरुस्तीने नोंदणी कार्यालयाकडून मागितले होते, सुमारे सहा दशके आधी.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की कुलपांचा काळच संपला. सगळ्यांना लिहू द्या, नंतर जुळवून घ्या. प्रोग्राम लिहिणारे रोज हेच करतात, आणि एकाच दस्तऐवजावर दहा जण टंकत असले तरी शब्द एकमेकांत बसवणाऱ्या पद्धती आता पक्क्या झाल्या आहेत. हे खरे आहे, आणि जिथे चालते तिथे कुलूप लावणे हा निव्वळ आडमुठेपणा आहे. पण लेखातले दोन परिच्छेद जुळवता येतात, एका गटाचे दोन मालक जुळवता येत नाहीत. शिवाय ‘आधी लिहा, मग पाहू’ या पद्धतीतही शेवटी एक क्षण येतो जेव्हा साठा विचारतो, तू वाचलेली आवृत्ती अजून तीच आहे का? नसेल तर परत जा, पुन्हा वाच. वाट पाहण्याचे कष्ट टळले, दारातली तपासणी टळली नाही.

दुसरा आक्षेप घड्याळवाल्यांचा. सगळी घड्याळे नेमकी लावली की मुदतीचे कुलूप पुरेसे आहे, असे ते म्हणतात. गूगलने २०१२ मध्ये स्पॅनर या आपल्या डेटाबेसची माहिती दिली, तेव्हा त्याच्या डेटा सेंटरांत जीपीएस आणि आण्विक घड्याळे बसवल्याचे जगाला कळले. पण तिथेही प्रणाली घड्याळावर आंधळा विश्वास ठेवत नाही. वेळ किती मिलिसेकंद चुकीची असू शकते याचा अंदाज ती जवळ बाळगते, आणि तेवढा काळ मुद्दाम थांबून मगच व्यवहार जाहीर करते. थबकण्याची फट घड्याळाने बुजत नाही हे मघाशी पाहिलेच.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. पहारा साठ्यावर ठेवा म्हणता, पण साठाच दोन ठिकाणी असेल तर? २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या कंपनीच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या जाळ्यातला दुवा ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात तिच्या स्वयंचलित यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावरच्या डेटाबेसला प्रमुख ठरवले. यंत्रणा आपल्या नियमांप्रमाणे चुकली नव्हती. पण पूर्वेकडे काही लिखाणे स्वीकारून झाली होती आणि ती पश्चिमेला पोचली नव्हती. एका गर्दीच्या समूहावर अशी ९५४ लिखाणे होती. नंतर पश्चिमेला नवी लिखाणे सुरू झाली, आणि दोन्हीकडे एकमेकांना ठाऊक नसलेला इतिहास तयार झाला. ४३ सेकंदांच्या तुटीची दुरुस्ती करायला २४ तास ११ मिनिटे लागली. इथे प्रत्येक साठ्याच्या दारावर पहारेकरी असूनही उपयोग नव्हता, कारण दारेच दोन होती. माझे उत्तर असे की प्रती अनेक असतील तर एका प्रतीला साठा म्हणणेच सोडावे. बहुसंख्य प्रतींनी स्वीकारले तेच लिखाण झाले, एरवी ते झालेच नाही, असा नियम लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या पॅक्सॉस पद्धतीत आहे, आणि तीन डिस्कांच्या शर्यतीतही तोच आहे. किंमत उघड आहे. प्रत्येक लिखाणाला दूरच्या शहरापर्यंत जाऊन यावे लागते, आणि बहुसंख्या जुळली नाही तर काम थांबते. नाशिकची एखादी बँक आपली दुसरी प्रत दूरच्या शहरात ठेवत असेल, तर तिने ही मिलिसेकंदे मोजायची की आपत्तीत काही व्यवहार गमावण्याचा धोका पत्करायचा, हे संचालक मंडळाने जाणून ठरवले पाहिजे. आज पुष्कळदा ते कोणीच ठरवत नाही. विकत घेतलेल्या प्रणालीत जे आधीपासून निवडलेले असते तेच राहते.

चौथा आक्षेप सोयीचा आहे, म्हणून सर्वांत जास्त ऐकू येतो. हे सगळे क्लाउडवाले बघतील, आपण पैसे भरायचे. अॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण-सेवा २००६ मध्ये सुरू झाली, जगातली मोठी साठवण तिच्यावर आहे. तिच्यावर जुनी फाइल बदलून लगेच वाचली तर कधीकधी जुनीच हाती येई. लिहिलेले लगेच वाचता येईल याची पक्की हमी डिसेंबर २०२० मध्ये मिळाली. आणि ‘या नावाची वस्तू आधी नसेल तरच लिही’ असे साठ्यालाच सांगण्याची सोय ऑगस्ट २०२४ मध्ये आली. ‘मी वाचलेली आवृत्ती अजून तीच असेल तरच लिही’ ही त्यानंतर काही महिन्यांनी. तोवर अठरा वर्षे नियम एवढाच होता की शेवटी लिहील तो जिंकेल. हा दोष लपवलेला नव्हता, कागदपत्रांत छापलेला होता. दारातला पहारा बाहेरून जोडण्यासाठी लोक कुलपाची वेगळी सेवा आणत, आणि ‘क’-‘ख’ ची गोष्ट तिथे पुन्हा घडू शकत असे. म्हणून सेवा कोणाची हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्या नाशिकमध्ये सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ईएसडीएसचे डेटा सेंटर आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीच्या ग्राहकांत सहकारी बँका मोठ्या संख्येने आहेत. साठा सिएटलच्या कंपनीचा असो की सातपूरच्या, ग्राहकाने विचारायचे तेच.

ते विचारण्याची रीतही अवघड नाही. बँक, पतसंस्था, महापालिका किंवा बाजार समिती सामायिक साठ्याची प्रणाली विकत घेते तेव्हा स्वीकृती चाचणीत वेग मोजला जातो, वीज तोडून पाहिली जाते. तिथे आणखी एक प्रयोग करावा. एका यंत्राला कुलूप घेऊ द्यावे, लिहिण्याच्या ऐन तोंडावर ते गोठवावे, कुलपाची मुदत संपू द्यावी, दुसऱ्या यंत्राला कुलूप घेऊन लिहू द्यावे, आणि मग पहिल्याला जागे करावे. आभासी यंत्रांवर हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्यासाठी वेगळे सामान लागत नाही. पहिल्याचे लिखाण साठ्याने नाकारले आणि नकाराची नोंद ठेवली, तर पुढच्या चाचण्या घ्याव्यात. स्वीकारले, तर विक्रेत्याचे बिल थांबवून ठेवावे.